ब्लॉगवरची शकीलभाईंची हजेरी

मी ब्लॉगवर स्वयंपाकाचं काहीही लिहिलं, की खाली पहिली कमेंट शकीलभाईंची ठरलेली. "वाचलं. बेगमले वाचून दाखवलं. ते म्हणते, हिंग कमी हाये." दिग्रसला पंपाच्या मोटरी दुरुस्त करायचं त्यांचं दुकान. माणसाने जन्मात स्वतःचा चहा केला नसेल, पण फोडणीवर मत द्यायला सदा तयार!

यवतमाळात बसून मी लिहायची आणि कमेंटींकडे ढुंकूनही पाहायची नाही. एकदा त्यांनी सरळ खडसावलं, "ताई, दुकानात आलेल्या मानसाले मी आधी गाव पुसतो, मंग मोटर पाहतो. तुमी तं रामराम बी घेत नाई." ओशाळून मी उत्तरं द्यायला लागले. हळूहळू दहाबारा जणी नेमाने यायला लागल्या, आपापसांत गप्पा मारायला लागल्या.

मग माझ्या हातून घोळ झाला. गोळाभातात भातावर वाफवायच्या गोळ्यांसाठी आम्ही चण्याची डाळ जाडसर भरडून घेतो. हे कुणाला सांगायचं असतं, हेच माझ्या डोक्यात आलं नाही. मी नुसतं 'बेसन' लिहिलं. नाशिकहून आर्णीला दिलेल्या एका नव्या सुनेने दुकानातलं बारीक बेसन आणलं. गोळे भातात विरघळले आणि तिने पाहुण्यांना पिवळा चिखल वाढला. "तुमच्यामुळे माझी फजिती झाली," असं तिने तावातावाने लिहिलं. मी ती कमेंट गुपचूप काढून टाकली.

तासाभरात शकीलभाईंचा फोन. "त्या पोरीची कमेंट कुठं गेली?"

"काढली. चारचौघांत शोभा कशाला?"

"काहून? मोटर पुन्हा जळली म्हनून गिऱ्हाईक भांडाले आलं, तं मी शटर पाडू का? चूक कोनाची?"

"माझी."

"मंग तिले सांगा नं. मले कायले सांगून राह्यल्या?"

राग आला मला त्यांचा. खरं बोलले होते, म्हणून जास्तच आला. पण तिची तक्रार आठवून तिच्याच शब्दांत मी कृतीच्या वर छापली, खाली माफी मागितली आणि कृतीत 'बेसन'च्या जागी 'जाडसर भरडलेली चणाडाळ' केलं.

आठवडाभर ती फिरकलीच नाही. पोर कायमची दुखावली, या विचाराने मला अन्न गोड लागेना. शकीलभाई मात्र रोज विचारायचे, "आर्णीवाल्या ताई, आल्या का?" त्यांचं पाहून बाकीच्याही हाका मारू लागल्या. एकीने लिहिलं, "माझे गोळे तं लग्नानंतर तीनदा फुटले व!"

आठव्या दिवशी ती आली. "भरड्याचा गोळाभात केला. सासूबाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतला. पण तक्रारीत एक राहिलं. मीठही कमी लिहिलंय तुम्ही."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी उत्तर लिहायला घेतलं, तोवर शकीलभाई पोचलेसुद्धा होते.

"या ताई, बसा. आता आनखी काय काय चुकलं, ते आरामात सांगा."