साडेतीन टनांतलं वाळवंट

माझी मावशी आणि काका दर नोव्हेंबरात वाळवंटात राहायला जातात. जेवणाच्या टेबलावर हे वाक्य मी सहज टाकते आणि समोरच्याचा घास तोंडाशी थांबला की पुढे काही न बोलता भाजी वाढून घेते. मग उंट येतात, तंबू येतात, एकदा तर कोणीतरी काळजीने विचारलं की त्यांना पाणी कोण आणून देतं. सगळ्यांना हवं ते कल्पून झालं की मी खरं सांगते. जर्मनीत लुडविग्सहाफेनमधल्या केमिकल कारखान्यात सदतीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळून निवृत्त झालेले माझे काका, आणि त्यांच्याशी लग्न करून सांगली जिल्ह्यातून थेट ऱ्हाईनच्या धुक्यात येऊन पडलेली माझी मावशी. त्यांचं वाळवंट स्पेनमध्ये आहे. तिथे जायचं वाहन म्हणजे पांढरं, चौकोनी वोनमोबिल. दोन शेगड्या, एक टेबल, मागे पलंग, आणि एक संडास, ज्यात काकांना आत शिरण्यापूर्वीच ठरवावं लागतं की तोंड कुठल्या दिशेला करायचं.

मी जवळच्या कायझर्सलाउटर्नला शिकायला आले तेव्हा मावशीचं घर हे माझं शनिवार-रविवारचं माहेर होतं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट नाही, पण जिन्याच्या दुसऱ्या वळणावर फोडणीचा वास यायचा आणि उरलेल्या पायऱ्या आपोआप चढल्या जायच्या. पुढे मी इथलीच झाले, घर झालं, मागे हातभर बाग झाली. काका निवृत्त झाले, त्यांनी ते वोनमोबिल घेतलं, आणि शेजाऱ्यांना वाटलं तसं मलाही वाटलं की एका हिवाळ्यात हौस फिटेल. दहा हिवाळे गेले तरी फिटली नव्हती.

मी एकदा आठवडाभर त्यांच्याकडे गेले होते, ताबेर्नासच्या वाळवंटात. पिवळे, सुरकुतलेले डोंगर, कोरड्या नद्या, आणि संरक्षित भागाच्या कडेला वोनमोबिल लावायची जागा. तिथे हिवाळा काढायला आलेली सगळी जर्मन म्हातारी मंडळी. जानेवारीत अर्ध्या चड्डीत फिरणारे आजोबा, घडीच्या खुर्च्या, आणि कोणाच्या गाडीचं तोंड कुठे असावं यावर गंभीर चर्चा. मावशीने त्या माळावर संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. दरवर्षी करायची. पंधरावीस जर्मन बायका दुपारी ओळीने खुर्च्यांवर, प्रत्येकीच्या कपाळावर कुंकू, हातात तिळाची वडी, आणि वाण म्हणून स्टीलची वाटी. नवरे मागे बिअर घेऊन उभे, कारण त्यांना बोलावलेलं नव्हतं आणि जायचंही नव्हतं. एका बाईंनी तीन दिवस कपाळ धुतलं नाही. मावशी प्रत्येकीला जर्मनमधून सांगायची, हे घ्या आणि वर्षभर गोड बोला. त्या बायका मान हलवून म्हणायच्या, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर. त्यानंतर गाड्यांच्या तोंडांवरून पुन्हा भांडायच्या.

आता इतक्या सगळ्यांचं करायचं म्हणजे सामान आलं. आणि सामान आलं की काका आले. काकांच्या मते मावशी स्पेनला जात नव्हती, संसार घेऊन पळून जात होती. दहा किलो कणीक, तांदूळ, पोहे, गूळ, दोन कुकर, वाणाच्या वाट्या. दर नोव्हेंबरात ते दारात उभे राहून एकेक पिशवी हातात तोलायचे आणि प्रयोगशाळेतल्या आवाजात म्हणायचे, "अगं, चाकांच्या एक्सेलला काही भावना असतात." एका वर्षी त्यांनी तिला दगडी खलबत्ता उतरवायला लावला. तो तिच्या सासूबाईंचा, म्हणजे काकांच्याच आईचा होता, पण विज्ञानापुढे आई कोण. मावशीने तो उतरवला. पण त्या वर्षी आल्याचा चहा काही झाला नाही, आणि का झाला नाही हे काकांनी विचारलं नाही.

ही मजा चालू असतानाच गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात काकांना रस्त्यावरच्या रेषा वाकड्या दिसायला लागल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्याचं दुखणं सांगितलं, इंजेक्शनं सांगितली, आणि गाडी चालवणं बंद म्हणून सांगितलं. काका घरी आले, किल्ली खिळ्याला लावली आणि मला फोनवर म्हणाले, "आमचं वाळवंट संपलं." असं वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. हा माणूस तापमानाशिवाय कशाबद्दल हळहळत नसे. मागून मावशीचा आवाज आला, "संपलं कशाने? मी मेले का?"

मावशीकडे लायसन्स होतं. पन्नाशीत काढलेलं, आणि त्यावर तिने फक्त छोटी गाडी चालवली होती, बाजारापर्यंत आणि परत. पण अडचण वेगळीच निघाली. काकांचं लायसन्स जुन्या काळातलं, साडेसात टनांपर्यंत चालणारं, म्हणून त्यांचं वोनमोबिल कागदावर चार टनांचं होतं. मावशीचं लायसन्स नव्या नियमाचं, साडेतीन टनांपर्यंतचं. तिने ती गाडी हलवणं म्हणजे लायसन्सशिवाय चालवणं. यावर जर्मनीत उपाय असतो, कारण जर्मनीत प्रत्येक अडचणीसाठी एक शब्द आणि एक फॉर्म असतो. इथे तो शब्द म्हणजे आब्लास्टुंग. गाडीचं कमाल वजन कागदावर उतरवून घ्यायचं. ते आम्ही घेतलं. मात्र कागदावर साडेतीन टन लिहिलं की रस्त्यावर खरोखरच साडेतीन टन भरावं लागतं, माणसं, डिझेल, गूळ सगळं धरून. रस्त्यात पोलिसांनी वजन केलं आणि जास्त भरलं तर मावशीची वारी तिथेच, हमरस्त्याच्या कडेला.

ऑक्टोबरभर रविवारी, दुकानं बंद असताना, एका सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये मावशी शिकली. काका शेजारी बसून सूचना द्यायचे. मी मागे टेबलाशी बसून हसू दाबायचे. तिसऱ्या रविवारी मावशीने गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि अतिशय शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्हाला रेषा दिसत नाहीत. मला दिसतायत. तेव्हा आता गप्प बसा." ते गप्प बसले. पुढच्या रविवारी तिने सात मीटरची गाडी उलटी घेऊन दोन ट्रॉल्यांच्या मधे अशी लावली की मी टाळ्या वाजवल्या.

राहिलं वजन. निघण्याच्या दोन दिवस आधी, धुक्यात, आम्ही भंगाराच्या एका आवारात गेलो. तिथे ट्रक तोलायचा काटा होता. मी माझी गाडी घेऊन मागोमाग, उतरवायचं सामान घालायला. मावशीने वोनमोबिल काट्यावर चढवलं आणि खिडकीतून मला म्हणाली, "आमच्याकडे कारखान्यावर उसाचे ट्रॅक्टर असेच चढायचे. फक्त त्यांना वजनाचे पैसे मिळायचे, मला दंड." काट्यावरचा माणूस थर्मासमधली कॉफी पीत केबिनमधून बाहेर आला, आकडा पाहिला, आल्झो, म्हणजे 'तर मग', म्हणाला आणि थांबला. जर्मन माणूस आल्झो म्हणून थांबला की बातमी वाईट असते. तीन हजार सातशे वीस.

काकांनी मावशीकडे पाहिलं. ते पाहणं मी दहा वर्षं ओळखत होते.

त्या माणसाने आधी टाकीतलं पाणी सोडायला सांगितलं, पाणी स्पेनमध्येही मिळतं म्हणाला. शंभर किलो गेले. मग मावशी उतरली आणि स्वयंपाकघर उपसायला लागली. कणीक माझ्या गाडीत. तांदूळ माझ्या गाडीत. मोठा कुकर, पुरणयंत्र (पुरणयंत्र! वाळवंटात!), लोणच्याच्या बरण्या. मी नेत होते आणि तिचा चेहरा बघत नव्हते. शेवटी वाणाच्या वाट्यांची पिशवी तिने स्वतः उचलून माझ्या सीटवर ठेवली. गाडी पुन्हा तोलली. तीन हजार पाचशे ऐंशी.

"आता काय उरलंय?" मावशी म्हणाली. "मीच उतरू का?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की काका आतून हललेलेच नाहीत. मागच्या पलंगावर बसलेत. पलंगावर उशी, उशीवर काका, आणि चेहरा परीक्षेत कॉपी सापडण्याच्या बेतात असलेल्या मुलाचा. त्या पलंगाखाली एक कप्पा होता. त्यावर काकांनी फार पूर्वी जर्मनमध्ये चिठ्ठी लावली होती: टेक्निक, हात लावू नये. मावशी दहा वर्षं त्या कप्प्याभोवती पोछा मारत आली होती, कारण आत पंप, बॅटरी आणि काकांची विद्या आहे असं तिला सांगण्यात आलं होतं.

"काका," मी म्हटलं, "जरा उठता?"

"तिथे काही नाही," काका म्हणाले. "टेक्निक आहे."

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं, मग उशीकडे. काका उठले.

आत दगड होते. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले, बुटांच्या खोक्यांत रचलेले, नव्वद किलो दगड. पिवळे, गेरूच्या रंगाचे, एक जिप्समचा चकाकणारा. दहा हिवाळ्यांतले, वाटेत लागणाऱ्या बार्देनासच्या माळाचे, ताबेर्नासचे, समुद्राकाठच्या ज्वालामुखी भागातले. सगळे संरक्षित हद्दीच्या पाटीबाहेरून उचललेले, असं काकांनी कोणी न विचारता शपथेवर सांगितलं. घरी नेले असते तर तिसऱ्या मजल्यावर मावशीच्या डोळ्यांसमोरून न्यावे लागले असते. आणि खलबत्ता उतरवायला लावल्यावर दगड वर कसे नेणार? म्हणून दहा वर्षं ते दगड दर नोव्हेंबरात लुडविग्सहाफेनहून स्पेनला जात होते आणि दर मार्चमध्ये परत येत होते. इतका प्रवास केलेले दगड मी दुसरे पाहिले नाहीत.

मी हसून हसून काट्याच्या कठड्याला टेकले. मावशी हसली नाही. तिने एक दगड उलटा केला होता. प्रत्येक दगडाखाली प्रयोगशाळेत बाटल्यांना लावतात तशी पांढरी चिठ्ठी होती, काकांच्या बारीक, सरळ अक्षरात. जागा, तापमान, वारा. आणि त्याखाली त्या दिवशीचं जेवण.

ती वाचू लागली, चष्मा कपाळावर ढकलून, एकेक दगड हातात घेऊन. बार्देनास, चार अंश, धुकं, पिठलं आणि तांदळाची भाकरी. ताबेर्नास, एकोणीस अंश, तिळाच्या वड्या, खूप माणसं. ताबेर्नास, जोराचा वारा, साबुदाण्याची खिचडी, भांडण, नंतर चहा. एकावर नुसतंच, वरणभात, ही गात होती. काट्यावरचा माणूस कॉफी विसरून तिथेच उभा होता. त्याला एक शब्द कळत नव्हता, पण तो गेलाही नाही. एक लहान, काळा दगड तिने बराच वेळ धरला. मी डोकावून वाचलं: भरली वांगी, मीठ जास्त, बोललो नाही.

"मीठ जास्त नव्हतं," मावशी म्हणाली.

काकांनी घसा खाकरला. म्हणाले, दगड उतरवा, सगळे. आधीच उतरवायला हवे होते. तिची कणीक वर चढवा, आपल्याला आता तसेही ते दगड नीट दिसत नाहीत. हे ते इतक्या साध्या आवाजात म्हणाले की माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

दगड माझ्या गाडीत गेले. माझी गाडी मागून बसली. वोनमोबिल तिसऱ्यांदा काट्यावर चढलं, मावशी आणि काका आत, मी बाहेर. तीन हजार चारशे नव्वद. केबिनमधून तो माणूस अंगठा वर करून ओरडला. मावशीने खिडकीची काच खाली घेतली.

"दहा किलो आहेत," मी म्हटलं. "कणीक देऊ का?"

ती जरा विचार करत होती. मी मनात कणकेचं पोतं उचललंसुद्धा.

"वाट्या दे," ती म्हणाली. "बायका वाट बघत असतील. कणीक तिथे मिळते, जाडीभरडी असली तरी." वाट्यांची पिशवी चार किलोची. मी ती चढवली आणि पुढच्या सामानाकडे वळले, तर तिने हात केला. "राहू दे. बाकीचे सहा रिकामे राहू देत. येताना यांना लागतील."

काका समोर बघत बसले होते. त्यांना समोरचं कितपत दिसत होतं कोण जाणे. मावशीने गिअर टाकला आणि माझी मावशी, वय अडुसष्ट, भंगाराच्या आवारातून सात मीटर लांब घर घेऊन धुक्यात वळली. इंडिकेटर लावून.

ते दगड माझ्या मागच्या बागेत कोथिंबिरीच्या वाफ्याभोवती मांडलेत, चिठ्ठ्या खालच्या बाजूला. हिवाळ्यात त्यांच्यावर बर्फ पडलं तेव्हा मला उगीच अपराधी वाटलं.

मार्चमध्ये ते परत आले. मावशी उन्हाने रापलेली आणि असह्य आत्मविश्वासाने भरलेली. तिच्या मते फ्रेंचांना गोल चौक कळत नाहीत. काकांनी मला एक पुडकं दिलं. आत मुठीएवढा गेरूचा दगड होता. चिठ्ठी मावशीच्या अक्षरात, कारण काकांना आता बारीक लिहिता येत नाही. जागा आणि तापमान त्यांनी सांगितलेलं, तिने उतरवून घेतलेलं. खालची ओळ मात्र तिची स्वतःची होती: खिचडी यांनी केली, करपली, बोलले.