भाऊजीचे चाळीस लाख

माझे भाऊजी सुधाकरराव म्हनजे नुसता फुकटचा रुबाब. आदिलाबादच्या कापूस मार्केटसमोर त्याइचं एक दुकान, कायम बंद. ते विकून निर्मल गावाले लेकीजवळ एखादं घर घ्यावं, एवढंच माझ्या बहिनीचं, रुक्माबाईचं, मागनं होतं. तिचे गुडघे गेले, इथला जिना चढवत नाई.

भाऊजीनं चहाच्या टपरीवर साऱ्याइच्या देखत सांगून टाकलं, चाळीस लाख, एक रुपया कमी नाई. तवा भाव होताबी तेवढा. मंग बँकेचं व्याज वाढत गेलं. दुकान घेनारा काई घरून पैसा आनत नाई, बँकेतून उचलते. हप्ता वाढला का तो किंमत खाली ओढते. शेंबड्या पोराले कळते हे. आमचा शहाना म्हने, दुकान तर तेच हाये, मंग भाव काऊन उतरन?

हर्षदीप नावाचा पोरगा औषधाचं दुकान टाकाले जागा पाहून राह्यला होता. दलाल डोमाजीनं त्याले टपरीवर आनलं. डोमाजी बैलबाजारात मुरलेला मानूस. आमच्याकडं सौदा दुपट्ट्याखाली होते. हातात हात घ्याचा, बोटं दाबून भाव सांगाचा. कोन किती उतरला, बघनाऱ्याले पत्ता लागत नाई, दोघाइचीबी अब्रू राहते. डोमाजीनं दुपट्टा पसरला.

भाऊजीनं तो झटकून देला. "मी काई बैल विकून राह्यलो का? तोंडानं बोला."

पोरगा बिचारा बोलला, "काका, चौतीसच्या वर मले बँकच देत नाई."

सारी टपरी ऐकत होती. दुपट्ट्याखाली हा मानूस गुपचूप उतरला असता, मले पक्कं माहीत हाये. आता चारचौघात कसा उतरन? उठला अन् ताठ मानेनं घरी आला. हर्षदीपनं आठवडाभरात बाजूचं दुकान घेतलं. मंग ह्याइच्या दुकानाले कुत्रंबी विचारेना.

रुक्माबाईनं पिशवी भरली. निर्मलले लेकीच्या भाड्याच्या खोलीत जाऊन राह्यली, नवऱ्याबिगर.

परवा मी तिच्याकडं गेलो तवा भाऊजीचा फोन आला. मले वाटलं, बायकोचे गुडघे कसे हायेत ते पुसतीन. म्हनून मी मुद्दाम आवाज मोठा केला, तिलेबी ऐकू यावं म्हनून.

"निर्मलले पाहा ना कोनी," भाऊजी म्हने. "चाळीस देनारा."