स्वतःचा फेटा स्वतः बांधणारे मामा

आमच्या हिच्या कोल्हारच्या मामांनी मला जेवढे धक्के दिले, तेवढे वायरमनलाही जन्मात बसत नसतील. पहिला आमच्याच लग्नात. मामा कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे आणि लग्नसराईत हौसेने फेटे बांधायचे. माझ्या डोक्याला फेटा गुंडाळता गुंडाळता त्यांनी विचारले, "जावईबापू, किनेज म्हंजी काय, ठावं हाय का?" बाहेर घोडा ताटकळलेला, भटजी घड्याळ बघतायत आणि इथे मामांचा तास सुरू! किनेज म्हणजे पेशीतले एक प्रथिन. ते दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेटचा फेटा चढवते, की ती लागली कामाला. "पन त्येला सोताला कोन बांधतं? त्येच बांधतं! मंग बघा झपाटा. आन् झपाटा लई झाला, की आनखी एक बांधतं, पार डोळ्यांवर. बसलं गप!" हा दुसरा फेटा मामांना कोणी बांधेल काय, असे मला फार वाटून गेले.

बरे, हे नुसते शिकवण्यापुरते नव्हते. मामा केस आरशात बघून स्वतःच कापायचे. मग पंधरवडाभर मानेवर शेळ्या चरून गेल्यासारखे दिसायचे. निवृत्तीच्या समारंभात तर त्यांनी अध्यक्षांच्या हातातली शाल काढून घेतली, स्वतःच पांघरली आणि "सरांविषयी बोलावे तेवढे थोडेच" म्हणत स्वतःच्याच गौरवाचे भाषण ठोकले. अध्यक्ष हात तसेच पसरून उभे. मी खुर्चीत गारच पडलो. त्यांच्या डोक्याला मात्र कधी कोणाचा हात लागला नाही. फेटा त्यांचा तेच बांधणार.

गेल्या वर्षी मामांना पक्षाघात झाला आणि उजवा हात लुळा पडला. त्यातच एकुलत्या एका लेकीचे लग्न आले. व्याहीभेटीला पाहुणे दारात उभे आणि मामा आत खाटेवर, फेट्याचे टोक दातांत धरून एका हाताने झगडतायत. मी पुढे झालो तर ओरडले, "हात लावायचा न्हाई! सांगा त्यांना, बाप आजारी हाय. येत न्हाई म्हनावं."  एका कापडापायी हा माणूस लेकीच्या लग्नाला मुकणार होता.

तेवढ्यात नवरीच आत आली. ती पुण्याच्या प्रयोगशाळेत याच किनेजवर काम करते.

"दादा, तुमचं किनेज एकटं नाही बांधत. मी रोज बघते ना. सारखीच दोन जवळ येतात आणि एक दुसऱ्याला बांधतं."

मामा तिच्याकडे बघतच राहिले. त्यांना धक्का बसलेला मी प्रथमच पाहिला.

"खरं?"

"खरंच."

त्यांनी दातांतले टोक सोडले आणि मान खाली घातली. तिने बांधायला घेतला, चांगला वाकडाच. आता मामा चूक काढणार म्हणून मी वाट बघत होतो. ते इतकेच म्हणाले, "तुझी आई होती तवा दर पाडव्याला म्हनायची, आज मी बांधते. म्या कधी बांधू दिला न्हाई गं."

तिचे हात थांबले. मला तिथे उभे राहवेना. मी बाहेर जाऊन व्याह्यांना सांगितले, येतायत म्हणून.