आत्याची वंशावळ आणि चौथा फ्रीज

माझी आत्या एका मोठ्या दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षं होती. वरून डॉक्टर जुना केसपेपर मागत, आत्या चिठ्ठीवरचा रॅक नंबर बघून तो काढून देई. त्यामुळे तिथे तिचं नावच रॅकबाई पडलं होतं. लग्न तिने केलं नाही. माणसांपेक्षा त्यांचे कागद सांभाळणं सोपं, असं ती म्हणायची. निवृत्त झाल्यावर तिने एक कॉम्प्युटर घेतला, वंशावळ नोंदवायचा प्रोग्रॅम त्यात घातला आणि झाडून सगळ्या नातेवाइकांच्या मागे हात धुऊन लागली.

चार वर्षांत सहाशे चाळीस माणसं आणि नऊशे फोटो जमले. पण ते बघायला येणार कोण? तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आमच्या घराण्यात गुडघे सगळ्यांचेच बोलतात. तेव्हा आत्याने एक छोटा पोर्टेबल ड्राइव्ह घेतला, चष्म्याच्या जुन्या घरात घातला आणि वंशावळच घरोघर न्यायची ठरवली. सोबतीला मी.

पहिली फेरी तिच्या धाकट्या बहिणीकडे झाली. ड्राइव्ह लावला, वंशावळ उघडली. नावं सगळी जागच्या जागी, पण प्रत्येक फोटोच्या ठिकाणी रिकामी चौकट आणि तिच्यावर लाल फुली.

"सगळे गेले की काय गं?" बहिणीने विचारलं.

"बरेचसे गेलेलेच आहेत," आत्या म्हणाली आणि ड्राइव्ह काढून घेतला.

घरी आल्यावर तासाभरात तिला उलगडा झाला. प्रोग्रॅम फोटो पोटात ठेवतच नव्हता. त्याच्याकडे नुसती चिठ्ठी होती: अमक्याचा फोटो, अमक्या कपाटात, अमुक नंबर. आत्याने ड्राइव्हवर फक्त वंशावळीची फाइल नेली होती. चिठ्ठ्या गावभर फिरल्या, कपाट घरीच राहिलं.

"एकतीस वर्षं हेच केलं," ती स्वतःवर चिडून म्हणाली, "आणि माझ्याच घरात मी चिठ्ठी नेऊन केसपेपर विसरले."

मग तिने फोटोंचं अख्खं फोल्डर ड्राइव्हवर आणलं आणि नऊशेच्या नऊशे चिठ्ठ्यांवर नवा पत्ता घातला. ड्राइव्हला तिच्या कॉम्प्युटरने 'ई' हे अक्षर दिलं होतं. म्हणजे पत्ता झाला: ई, त्यात 'फोटो' नावाचं फोल्डर, त्यात नंबर एकपासून नऊशेपर्यंत. दवाखान्याची शिस्त. आत्या खूश झाली.

दुसरी फेरी तिच्या थोरल्या चुलतभावाकडे. त्यांना सगळे अध्यक्ष म्हणतात. ते कशाचेही अध्यक्ष नाहीत, पण चार माणसं जमली की मधल्या खुर्चीत तेच असतात. वंशावळीबद्दल त्यांच्या सूचना फोनवर आधीच येऊन गेल्या होत्या: आपली शाखा आधी दाखवावी, आपला फोटो जरा मोठा करावा, आणि जन्मसाल लिहिलंच पाहिजे का याचा विचार व्हावा.

त्या रविवारी त्यांच्या बाहेरच्या खोलीत वीसेक माणसं जमली होती. कोपऱ्यात अध्यक्षांची आई, वय एक्क्याण्णव, पाय स्टुलावर. अध्यक्षांच्या मुलाचा जुने फ्रीज दुरुस्त करून विकायचा धंदा. त्याने आपला कॉम्प्युटर भिंतीवरच्या टीव्हीला जोडून दिला आणि तो दुकानात निघून गेला. आत्याने ड्राइव्ह लावला.

"हे आपले पणजोबा," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

टीव्हीवर एक फ्रीज आला. दोन दारांचा, दुधी रंगाचा, एक मूठ तुटलेली. दारावर खडूने लिहिलेली पाटी टांगली होती: आवाज फार करतो.

आत्याने पुढचं बटण दाबलं. पणजीच्या जागी एक बुटका हिरवा फ्रीज. पाटी: आतून स्वच्छ, बाहेरून पोचे.

मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "आत्या, काहीतरी चुकलंय."

"कळलंय मला," ती ओठ न हलवता म्हणाली. "इथे त्यांचा स्वतःचाच एक 'ई' आहे. आपल्याला 'एफ' मिळालंय. आणि त्या मुलानेही फोल्डरला 'फोटो' म्हटलंय अन् नंबर एकपासून घातलेत. आपली चिठ्ठी त्याच्या कपाटात गेली."

"मग बंद कर ना."

"करते की. जरा शाखा पूर्ण होऊ दे."

आत्याचे आजोबा आले: बर्फ धरत नाही. त्यांचे मधले भाऊ: दिवा लागतो, गार होत नाही. इथे मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग बांध फुटला. आजवर आत्याने पणजोबांबद्दल कुणालाही विचारलं, तर देवमाणूस होते यापलीकडे उत्तर नव्हतं. आता जो तो बोलायला लागला. पणजोबा घोरायचे म्हणून शेजाऱ्यांनी घर बदललं होतं. मधल्या आजोबांनी तीन दुकानं काढली आणि एकाही दुकानात गिऱ्हाईक आलं नाही. आत्या एका हाताने बटण दाबत होती आणि दुसऱ्या हाताने वहीत लिहीत होती.

"थांबव हे आता," अध्यक्ष म्हणाले.

"एकच राहिलाय," आत्या म्हणाली आणि अध्यक्ष आले. फ्रीज मोठा होता, सूचनेप्रमाणे. पाटीवर लिहिलं होतं: दार बंद राहत नाही.

अध्यक्षांच्या बायकोने पदर तोंडाला लावला आणि ती स्वयंपाकघरात गेली. तिचं हसणं तिथून ऐकू येत होतं.

मग आत्या एक पिढी मागे गेली आणि तिने आपल्या आजोबांची मुलं एका ओळीत दाखवली. अध्यक्षांचे वडील, माझे आजोबा म्हणजे आत्याचे वडील, आणि तिचे धाकटे काका. तीन चौकटी, तीन फ्रीज. अध्यक्षांची आई डोळे पुसत आपल्या नवऱ्याचा फ्रीज बघत होती. हसता हसताच ती म्हणाली, "आणि चौथा फ्रीज कुठाय?"

"चौथा कोण, काकू?" आत्याने विचारलं.

"शेंडेफळ. ती धाकटी."

"आई," अध्यक्ष म्हणाले.

"आई काय? सत्तर वर्षं झाली. आता कोण मारायला येतंय मला?" म्हातारी आत्याकडे वळली. "तुझ्या बापाला बहीण होती. तुला आत्या होती. मनाजोगतं लग्न केलं म्हणून सासऱ्यांनी तिचं नाव टाकलं. कुणी उच्चारायचं नाही, अशी ताकीद होती. ह्यांनीही पाळली. पण फोटो ठेवला होता."

तिने सुनेला हाक मारली आणि कपाटातला पावडरचा डबा आणायला लावला. त्यातून तळहाताएवढा एक तुकडा निघाला. कडा कात्रीने वाकड्यातिकड्या कापलेल्या. दोन वेण्या घातलेली एक मुलगी, हनुवटी वर केलेली. तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता. नुसताच हात.

आत्याने तो तुकडा हातात घेतला. मग तिने वंशावळ बंद केली, थेट आपल्या ड्राइव्हमध्ये शिरली आणि एकशे बारा नंबरचा फोटो हाताने काढला. हा आमच्या सगळ्यांच्या घरी टांगलेला जुना फोटो: आत्याचे आजोबा खुर्चीत, मागे मुलगे उभे. उजवी कड तिरपी. टोकाला उभे असलेल्या अध्यक्षांच्या वडिलांचा एक हात कोपरापर्यंतच. स्टुडिओवाल्याने वेंधळेपणा केला, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो.

तिने तो तुकडा टीव्हीच्या काचेवर, त्या कोपरापाशी धरला.

अध्यक्ष खुर्चीतून उठून जवळ आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे जोडता येईल?" त्यांनी विचारलं.

"कापलेलं नाही जोडता येणार. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवते," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिने ड्राइव्हला शिस्त लावायला घेतली. आधी फोल्डरचं नाव 'रॅकबाई' केलं, कारण ते जगात दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवर असणं शक्य नव्हतं. नंबर काढून फोटोंना माणसांची नावं दिली. मग ड्राइव्हसाठी असं अक्षर शोधलं जे कुणीच वापरत नाही. इंग्रजीत ळ नाही म्हणून 'क्यू'वर भागवलं. वंशावळीची फाइल आणि फोटो, दोन्ही आता क्यूवरच. घरच्या कॉम्प्युटरवर नुसती नक्कल, आणि आणखी एक नक्कल माझ्याकडे. प्रोग्रॅममध्ये हरवलेले फोटो शोधायची सोय होती. त्या सोयीला तिने नवं कपाट दाखवलं आणि चार दिवस बसून एकेक चिठ्ठी तपासली. कुणाच्याही घरी गेलं की ती आता आधी तिथल्या कॉम्प्युटरवर आपल्या ड्राइव्हला क्यू हे अक्षर देते, एक फोटो उघडून बघते आणि मगच चहाला हो म्हणते.

धाकटीला शोधायला आठ महिने लागले. ती स्वतः राहिली नव्हती. सापडली तिची नात, दातांच्या कवळ्या बनवणारी, दोन तासांवरच्या शहरात. पत्ता काढला तो अध्यक्षांनी, बावीस फोन करून. आम्ही तिच्याकडे गेलो तेव्हा तेही आले, इस्त्रीचा शर्ट घालून.

नातीने दार उघडलं. हातात अर्धी कवळी होती. "बसा," ती म्हणाली. "फोनवर नीट कळलं नाही. तुम्ही माझ्या कोण लागता?"

"तेच दाखवायला आलेय. कॉम्प्युटर कुठे आहे तुझा?" आत्या म्हणाली. तिने ड्राइव्ह लावला, अक्षर बदललं, आणि दोन वेण्यांची मुलगी पडद्यावर आली.

नातीने कवळी खाली ठेवली. "ही आजी. पण हा हात कोणाचा?"

आत्या सांगणार होती, पण अध्यक्ष आधी बोलले. "माझ्या वडिलांचा," ते म्हणाले.

नात आत गेली आणि कागदांनी भरलेलं एक खोकं घेऊन आली. त्यात आजीची पत्रं होती, त्याच भावाला लिहिलेली, पोस्टात कधीच न टाकलेली. अध्यक्षांनी पहिलं पत्र उघडलं. आत्याने वहीचं नवं पान काढलं, आणि आमची साडेपाचची बस चुकली.