पिंपळाचं पाप कुणाच्या हाताला

विहिरीत उतरायचं ठरलं की गुंडा मेटकरीच्या पोटात सकाळपासूनच ढवळायला लागायचं. उभी हयात विहिरींतली मुळं काढण्यात गेली, डोक्यावरचे केस पिकले, पण ती किळस काही मेली नाही. लोक म्हणायचे, गुंडाला काय, सवय झाली असंल. सवय हाताला होते, नाकाला होत नाही. उतरायच्या आधी तो कपाळाचा रुमाल सोडून नाकावर बांधायचा, त्यात कापराची वडी ठेवायचा, आणि तरीही निम्म्या विहिरीत एकदा तरी ओकायचा. मग कामाला लागायचा.

विट्याच्या पुढं येरळा नदीच्या काठाकाठानं जुन्या दगडी विहिरी पुष्कळ. पाखराच्या विष्ठेतून बी पडतं, दगडाच्या फटीत पिंपळ उगवतो. बोटाएवढं रोप असतं तेव्हा कुणी हात लावत नाही. देवाचं झाड, कसं उपटायचं? मग ते मनगटाएवढं होतं, मांडीएवढं होतं, मुळं बांधकामाच्या आत शिरून दगडाला ढुशा देतात, आणि एक दिवस आख्खा चिरा धपकन पाण्यात पडतो. तेव्हा गावाला गुंडा आठवायचा.

गुंडा आणि त्याची बायको बयाबाई अशी ती जोडी. काठावर तीन लोखंडी पाइप टोकाला बांधून उभे करायचे, त्याला चेनपुली अडकवायची. बयाबाई वर साखळी सांभाळायची आणि गुंडा कमरेला दोर बांधून खाली जायचा. मुळी एकदम ओढून चालत नाही. ओढली की भिंत अंगावर येते. आधी बुंधा करवतीनं कापायचा, मग मुळी दगडात शिरते तिथली फट छिन्नीनं मोकळी करून ती तुकड्यातुकड्यानं तोडायची, पहारीनं उचकटून साखळीवर चढवायची, आणि राहिलेल्या पोकळीत सिमेंट-वाळू ठासायची. हे सगळं त्याला आवडायचं सुद्धा. किळस यायची ती पाण्याजवळ. तिथं मुळांना तांबूस केस फुटतात, जटांसारखे, आणि गाव जे जे विहिरीत टाकतं ते त्या जटांत येऊन बसतं. कुजलेलं निर्माल्य, फुटक्या काचेच्या देवाच्या तसबिरी, टाचण्या टोचलेली लिंबं, पिशवीत गाठ मारलेले डायपर, कधी फुगलेलं कबूतर. हात घातला की सगळं बुळबुळीत.

पण ही घाण राखेनं हात घासले की निघायची. दुसरी एक होती, ती निघायची नाही.

ती त्याला पहिल्यांदा नीट दिसली नानासो सूर्यवंशींच्या विहिरीवर. नानासो म्हणजे गावातला मोठा द्राक्षबागायतदार. विहीर पायऱ्यांची, गावातल्या बायाही तिच्यावर धुणं धुवायच्या. पिंपळ तोडायच्या आधी नानासोंच्या बायकोनं, धोंडुबाईनं, ताटात नारळ-सुपारी आणली, झाडाला हळदीकुंकू वाहिलं आणि गुंडाला समोर उभं केलं.

"म्हण गुंडा, ह्ये झाड मी माझ्या मर्जीनं तोडतोय. सूर्यवंशींचा ह्यात काय संबंध न्हाई."

गुंडानं म्हटलं. सगळीकडे असंच म्हणायला लावायचे, नवीन काही नव्हतं. नानासो हात जोडून झाडापुढं वाकले, डोळे मिटून पुटपुटले आणि मागं बघत बघत घराकडं गेले. दुपारी गुंडा आणि बयाबाईला जेवण आलं ते गोठ्याच्या मागं, उकिरड्याच्या बाजूला. घरातलं एक पोरगं खेळत खेळत जवळ आलं तर धोंडुबाई लांबूनच ओरडली, "त्याच्या जवळ जाऊ नगंस! झाड तोडलंय त्यानं आज!"

गुंडानं भाकरीचा घास तसाच खाली ठेवला.

पुढच्या साली त्याच्या घरात एक वाईट गोष्ट घडली. त्याचा मुलगा साईराज द्राक्षांचा टेंपो चालवायचा. साईराजची बायको रेश्मा पोटुशी होती, आणि दिवस निम्म्यावर आले असताना पोर पोटातच गेलं. विट्याच्या डॉक्टरनी सांगितलं, अंगात रक्त फार कमी होतं. रेश्मा भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. बयाबाई तिला पेज भरवायची.

चार दिवसांनी धोंडुबाई भेटायला आली. केळी घेऊन आली, पदर तोंडाला लावून रेश्माच्या उशाशी बसली. गुंडा बाहेर दगडावर पाय धूत होता. आतलं सगळं त्याला ऐकू येत होतं.

"तुझा काय दोष न्हाई गं बाई," धोंडुबाई म्हणत होती. "पिंपळावरचा मुंज्या लय वाईट. झाड तोडणाऱ्याच्या घरातलं पयलं फळ न्हेतो. आमच्या म्हायेरी बगितलंय मी."

कुणाच्या विहिरीतला पिंपळ, ते काही ती बोलली नाही. त्या पिंपळाला हळदीकुंकू वाहणाराच हात आता रेश्माच्या केसांवरून फिरत होता. गुंडाच्या घशाशी आंबट पाणी आलं. विहिरीत यायचं तसंच. तो उठला, आत गेला, केळ्यांचा घड उचलला आणि अंगणातल्या शेळीपुढं टाकला.

"आवं, काय ह्ये?" बयाबाई म्हणाली.

"शेळीला मुंज्या लागत न्हाई," गुंडा म्हणाला.

पण बोलणं घरात शिरायचं ते शिरलंच. रेश्माची आई आली आणि लेकीला घेऊन गेली. ह्या घराला झाडाचा शाप आहे, म्हणाली. जाताना रेश्मा सासऱ्याच्या पाया पडली. "मामा, मला तसलं काय वाटत न्हाई," ती हळूच म्हणाली, "पर आई ऐकंना झालीया." साईराज टेंपोत बसून राहिला, खाली उतरला नाही.

पिंपळ चिवट. बोटभर मुळी राहिली तरी परत फुटतो. नानासोंच्या विहिरीत तो दोन पावसाळ्यांत पुन्हा वर आला. एके सकाळी नानासो मोटारसायकल घेऊन दारात हजर.

"गुंडा, भितीला पोट सुटलंय रं. लवकर ये."

"येतो की. पर ह्या खेपेला पयला घाव तुमी घालायचा. आन् मोठ्यानं म्हणायचं, ह्ये झाड मी नानासो सूर्यवंशी तोडतोय."

नानासो आधी हसले. गुंडा हसत नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "आरं, खुळा का काय तू? आमच्या घरात ल्हान लेकरं हायती."

"आन् माझ्या?"

नानासोंनी गाडीचा आरसा उगाच नीट केला. रेश्माचं त्यांना सगळं माहीत होतं. "तसं न्हवं रं," ते म्हणाले, "तुमचं कामच त्ये हाय."

गुंडा आत गेला आणि त्यानं दार लोटून घेतलं.

नानासोंनी मग दुसरी वाट काढली. त्यात घाव नको, कुऱ्हाड नको, कुणाचं नाव नको. कुणीतरी सांगितलं, बुंध्याला भोकं पाडून तणनाशक ओता, झाड आपोआप मरतं, आणि आपोआप मेलेल्या झाडाचं पाप नसतं. गड्याकडून भोकं पाडली आणि औषधाचे डबे रिकामे केले. बुंध्यात मावलं तेवढं मावलं. बाकीचं ओघळून विहिरीत गेलं, आणि तेच पाणी ठिबकमधून रोज बागेला गेलं.

पिंपळाची पानं पिवळी पडली. त्याच आठवड्यात द्राक्षाची पानंही वळायला लागली, कोवळे शेंडे पिळवटले, पानांच्या चिंध्या झाल्या. विहिरीत मासे पोट वर करून तरंगायला लागले. पिंपळाची मुळं मात्र भिंतीत होती तिथंच राहिली, आणि भिंतीचं पोट आणखी पुढं आलं.

नानासो पुन्हा आले तेव्हा गाडी लांब लावून चालत आले.

"जाऊ नगासा," बयाबाई नवऱ्याला म्हणाली. "त्येंचं त्येंनी बगू द्या."

गुंडालाही जायचं नव्हतं. पण वास मारणाऱ्या पाण्याचीही पर्वा न करता काही बाया अजून त्या पायऱ्यांवर गोधड्या धुवायला बसत होत्या, हे त्यानं येताजाता पाहिलं होतं. वरची भिंत सुटली असती तर बरोबर त्यांच्या डोक्यावर. आणि खरं सांगायचं तर, नानासोंच्या तोंडून ते वाक्य त्याला ऐकायचं होतं.

विहिरीवर गेले तर वासानं डोळ्यांत पाणी आलं. मासे कुजून पांढरा तवंग धरला होता, त्यात एक कासव फुगून उलटं पडलं होतं. बयाबाईनं पाइप उभे केले. धोंडुबाई लांब बांधावर उभी होती. गुंडानं कुऱ्हाड नानासोंच्या हातात दिली.

नानासो काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं. बांधापतोर ऐकू जाऊ द्या."

"ह्ये झाड... मी नानासो सूर्यवंशी तोडतोय," नानासो म्हणाले आणि एका फांदीवर घाव घातला. फांदी अजून पुरती मेली नव्हती. तिचा पांढरा चीक उडून त्यांच्या मनगटावर आला. कुऱ्हाड टाकून ते तो चीक विजारीला पुसायला लागले. पुसला, परत पुसला, मातीनं घासला, आणि शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखे बायकोकडं बघायला लागले.

गुंडाला वाटलं होतं, हे ऐकलं की जीव थंड होईल. तसं काही झालं नाही. मनगट घासत बसलेल्या त्या माणसाची किळस तेवढी आली. त्यानं नाकाला रुमाल बांधला आणि तो खाली उतरला.

मुळी तोडत तो निम्म्यावर आला असेल, तेव्हा वरून नानासोंचा आवाज आला.

"गुंडा!"

"काय?"

"माझा एकच घाव झालाय न्हवं? बाकीचं समदं तूच तोडतोयस. मंजी हिशेबानं..."

पुढचं गुंडानं ऐकलं नाही. त्याला आधी हसू आलं, मग त्या हसण्यातच उमासा आला, आणि भिंतीला हात टेकून तो पोटातलं सगळं बाहेर पडेपर्यंत ओकला. वर बयाबाईनं साखळी घट्ट धरली. "बास करा, वर या!" ती ओरडली. तो आला नाही. शेवटची मुळी साखळीवर चढवून, पोकळी भरून, कासव आणि मासे पाटीत भरून वर पाठवले, मगच आला. आल्यावर बयाबाईकडं पाणी मागितलं, नानासोंच्या घरचं घेतलं नाही.

विहीर पुष्कळ वेळा उपसली, तरी ती बाग वाचली नाही. नानासोंनी वेली उपटून काढल्या. धोंडुबाईनं घराची शांती करून घेतली, त्यात कुणी कुणाचं पाप घेतलं ते भटजींनाच माहीत.

रेश्मा दिवाळीला परत आली. तिला कुणी आणायला गेलं नव्हतं. माहेरच्या शेजारणीही आपली बाळं तिच्या हातात देईनात, तेव्हा तिनं स्वतःच पिशवी भरली आणि साईराजला फोन केला. आली त्या दिवशी गुंडा तिच्याशी फार बोलला नाही. तालुक्याला जाऊन लोहाच्या गोळ्या तेवढ्या घेऊन आला.

गुंडानं ती अट सोडली नाही. त्यामुळं निम्मी कामं गेली. कुणी यंत्र बोलावतं, कुणी भिंत पडायची वाट बघत बसतं. बयाबाई सुरुवातीला चिडायची. आता फोन तिच्याजवळच असतो. परवा खानापूरकडून कुणाचा तरी आला. पलीकडचा माणूस मुळी केवढी, विहीर केवढी, सगळं सांगत बसला. बयाबाईनं त्याला मध्येच तोडलं.

"येतो आमी. पर पयला घाव तुमचा, नाव घिऊन. जमत आसंल तर परत फोन करा."

आणि तिनं भाकरी थापायला घेतली.