लिंबू पिळायचं कोणी

असोद्याच्या इंदिराबाईकडे दुभती म्हैस होती, अन् पनीर खायला घरातले बठ्ठे, लहानमोठे सगळेच तयार. पण दुधात लिंबू पिळायचं म्हटलं की हात एकच, सुनेचा. सारिका तिचं नाव.

इंदिराबाईचं म्हणणं असं, की चांगलं दूध जाणून नासवलं तर म्हैस आटते, अन् पाप पिळणाऱ्याच्या हाताला लागतं. म्हणायची, "तुझा हात तर बाटलाच हाये. आता दुसऱ्याचा कशाले बाटवायचा?" अन् भाजी मात्र दोनदा वाढून घ्यायची. खाण्यात पाप नव्हतं बरं का!

झालं होतं काय, जावयाचं एकदा बाजारच्या पनीरनं पोट बिघडलं. तेव्हा सारिकानं हौसेनं मोबाइलात पाहून घरी केलं. लोण्यासारखं मऊ झालं. तीच हौस तिच्या गळ्यात पडली माय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. इथं नणंद यायची, मागं जावई यायचा, अन् सारिका गॅसपुढं. तिचं माहेर काही लांब नाही, हे इथं नशिराबाद. पण तीन आखाज्या गेल्या, त्या उंबऱ्याला तिचा पाय लागला नाही.

यंदा तिचा भाऊ नवल सकाळीच मोटरसायकल घेऊन दारात उभा. "अक्का, चाल. आईनं झोका बांधून ठेवला हाये."

सारिकानं दूध तापवलं होतं, लिंबाचा रस वाटीत काढला होता. सासूपुढं वाटी धरली. "आत्या, तुम्ही फक्त ओता. बाकी नणंदबाई करतील."

"अन् म्हैस आटली म्हणजे?"

"माझ्या हातानं आटली का इतक्या वर्षांत?"

"तुझा हात परका. म्हशीले समजतं, घरचं कोण अन् बाहेरचं कोण."

सारिकाला ते लागलं. म्हणाली, "बाहेरची हाये ना मी? मग जाऊ द्या मले भावासंगे."

इंदिराबाई काय कमी? "व्वा! घरची सून हाये म्हणून तर सोडत नाही. घरात जावई बसलाय, अन् तू झोके घेणार?"

पापाला परकी, कामाला घरची! सुटायला वाट कुठं? सारिकानं नवलला म्हटलं, "जा भाऊ. आईले सांग, पुढच्या वर्षी." तो मान खाली घालून गेला.

मग तिनं गॅस बंद केला, रस थोडा थोडा ओतला. दूध फाटलं, हिरवट पाणी सुटलं. धोतराच्या फडक्यात गाळलं, आंबटपणा जावा म्हणून वर थंड पाणी ओतलं, पुरचुंडी पिळली अन् वर वरवंटा ठेवला. डोळे पुसले ते बाहीनं, हात तर ओलेच.

आता त्या फाटलेल्या दुधाचं पाणी. तेही इंदिराबाईच्या अंगणात सांडायचं नाही, म्हशीला दिसू द्यायचं नाही. गावाबाहेर सडकेपल्याड ओतून यायचं. सारिका पातेलं घेऊन निघाली. घरचीच साडी, पायात झिजकी चप्पल. सडकेपल्याड पाणी ओतलं, वळली, तर कडुलिंबाखाली नवल. गाडीवर बसून शेंगदाणे खात होता.

"तू गेला नाही रे?"

"आईपुढं काय तोंड घेऊन जाऊ? बस, अक्का."

"हातात पातेलं हाये ना."

"मग पातेलं घेऊन बस!"

तिनं गावाकडं पाहिलं. पनीर झालं होतं, वरवंट्याखाली होतं, नुसतं कापायचं बाकी होतं. अन् कापायला काही पाप नव्हतं. पातेलं मांडीवर घेऊन ती गाडीवर बसली. वाटभर मागं वळून वळून पाहत होती, कोणी हाक मारतंय का म्हणून. नशिराबादला झोक्यावर बसली तरी तिचा जीव अर्धा असोद्यातच.

दोन दिवसांनी परत आली, पातेलं राखेनं घासून लख्ख केलेलं. इंदिराबाईनं नुसतं ओट्याकडं बोट दाखवलं. दूध तापून तयार होतं, अन् शेजारी दोन लिंबं.