मासे नसलेली काचेची पेटी

यांचा नंजनगूडचा कारखाना बंद झाला आणि हे मागच्या न्हाणीत काहीतरी करायला लागले. जुन्या खिडकीच्या काचा कापून त्यांनी एक उभी पेटी चिकटवली. इतकी अरुंद, की आत हात घातला तर वळवता येऊ नये. मग बुडबुडे सोडणारा छोटा पंप आणि पाणी कोमट ठेवणारी कांडी आणली.

"मासे पाळायचेत," म्हणाले.

त्या पेटीत मासा वळणार कुठे? पण यांना उलट विचारायची मला सवय नाही.

लगेच म्हणाले, "अगं, हातातल्या बांगड्या काढून दे. दिवस बरे नाहीत. कपाटात ठेवतो." आईने दिलेल्या सोन्याच्या बांगड्या त्या. कपाटाची किल्ली यांनी जानव्याला बांधली.

तेव्हापासून मी बघत राहिले. न्हाणीला सारखी आतून कडी. मोरीत तपकिरी डाग, चिंचेनेही न निघणारे. गंजक्या लोखंडासारखा वास. मी देवळातून आले तर इस्त्री तापलेली, आणि इस्त्रीचा कपडा एकही नाही. मासिकांची गुळगुळीत पानं फाडलेली.

शेजारीण गच्चीवर संडगे घालताना म्हणाली, "अय्यो, दारावर येणारे लोक पॉलिश करतो म्हणून बांगड्या घेतात हो, आणि कसल्या पाण्यात बुडवून सोनं उतरवून घेतात! तुमचे यजमान काय करतात दिवसभर?"

"मासे," मी म्हणाले.

"तुमच्या सोवळ्यात मासे!" ती हसत सुटली. मला हसू आलं नाही.

एकदा दार उघडं राहिलं होतं. पेटीत तपकिरी पाणी खदखदत होतं आणि दोऱ्याला बांधून काहीतरी चकाकणारं आत सोडलेलं. मी पुढे झाले तर हे ओरडले, "हात लावू नको!"

आयुधपूजा, म्हणजे खंडेनवमी, आली. पोटापाण्याची वस्तू त्या दिवशी आमच्या म्हैसुरात कुणी झाकून ठेवत नाही. मी माझी विळी आणि शिवणाचं मशीन पूजेला मांडलं, आणि शेजारी एक रिकामा पाट ठेवला. हे आंघोळ करून आले. पाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हा कुणाचा?"

"तुमचं काय असेल ते ठेवा."

हे वळून मागे गेले. मग न्हाणीतून पेटी धुऊन आणली. पंप आणला, माझी इस्त्री आणली, आणि तळहाताएवढी एक पट्टी, तांब्याच्या बारीक रेघांची.

"सर्किट बोर्ड," म्हणाले. "पाण्याच्या मोटारीच्या पेटीत लागतो. गुळगुळीत पानावर छापलेल्या रेघा इस्त्रीने तांब्यावर उतरवायच्या. बाकीचं तांबं ते पाणी खातं. पहिले सगळे बिघडले गं. या वयात हेही जमत नाही, हे कसं सांगणार होतो?"

"आणि बांगड्या?"

"ते पाणी मोरीत जातं, आणि मोरी तू घासतेस. सोन्यात तांबं असतंच की. म्हणून काढायला लावल्या."

"कपाट उघडा."

उघडलं. बांगड्या होत्या. मी त्या खिडकीशी नेऊन उजेडात फिरवल्या. कड जराशी झिजलेली वाटली. आधीपासूनच होती का, ते आठवेना. पुन्हा ठेवून कपाट बंद केलं आणि हात पुढे केला.

"किल्ली."

यांनी ती जानव्यातून सोडून हातावर ठेवली. मी पेटीला, पंपाला, पट्टीला कुंकू लावलं. किल्लीलाही लावलं आणि ती कमरेला खोचली.

बोर्ड आता बरे निघतात. बांगड्या मी अधूनमधून कपाटातून काढून बघते. मोरी मात्र हेच घासतात.